कोणाची सही राहिली?

सातबाऱ्यावर एखाद्या नावाला चिकटून कधी कधी तीन अक्षरं येतात: अ.पा.क. जमीन घ्यायला निघालेल्या माणसाची नजर त्यांच्यावरून घसरते आणि क्षेत्राच्या रकान्याकडे जाते. किती हेक्टर, किती आर, आकार किती. मिळकतीच्या वकिलाची नजर मात्र तिथेच थांबते. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ही नोंद झाली तेव्हा जमिनीचा मालक लहान मूल होतं आणि त्याच्या वतीने आईचं, नाहीतर चुलत्याचं नाव लागलं होतं.

आता हिशेब सुरू होतो. समजा फेरफार १९७८ चा आहे आणि मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. आईने १९८३ मध्ये जमीन विकली. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा आहे. त्याच्या कलम ८ प्रमाणे अज्ञानाची स्वतंत्र मिळकत विकायची तर पालकाला आधी न्यायालयाची परवानगी लागते. ती घेतली होती का? नसेल, तर मुलगा सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावून तो व्यवहार रद्द करून मागू शकतो. मुलगा अठराचा झाला १९९० मध्ये, मुदत संपली १९९३ मध्ये. म्हणजे आज धोका टळला म्हणायचं? अजून नाही. त्या तीन वर्षांत त्याने दावा लावला असेल तर तो अपिलात कुठेतरी आजही जिवंत असू शकतो. मग दिवाणी न्यायालयातही शोध घ्यायचा. शिवाय जमीन एकत्र कुटुंबाची असेल आणि कर्त्याने कुटुंबाच्या गरजेसाठी विकली असेल, तर कायद्याचं उत्तर वेगळं येतं. तिथे परवानगीऐवजी गरज खरी होती का, हे पाहावं लागतं.

तीन अक्षरांमागे एवढं सगळं असतं. मी हे ज्यांच्या हाताखाली शिकलो, त्या सरांची वकिली १९७४ साली सुरू झाली. पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टाच्या परिसरात त्यांना ‘जमिनीचे वकील’ म्हणायचे. त्यांच्या सहीचा टायटल रिपोर्ट असला की घेणारा आणि देणारा दोघेही निर्धास्त व्हायचे. जबर उलटतपासणी, गाजलेले खटले, वर्तमानपत्रात फोटो, यातलं त्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही. त्यांचं नाव झालं ते एका प्रश्नामुळे. कुठलीही फाइल पुढे आली की ते पहिल्यांदा विचारायचे, “यात कोणाची सही राहिलीय?”

केलेल्या सह्या कागदावर दिसतात, राहिलेली सही दिसत नाही. ती शोधायची तर कुटुंब, कायदा आणि त्या गावाचा इतिहास, तिन्ही माहीत असावे लागतात. मिळकतीच्या वकिलाची सगळी कारकीर्द या न दिसणाऱ्या सहीमागे जाते असं माझं मत आहे. चांगला वकील आणि नुसता दस्त टाइप करून देणारा यांच्यातला फरकही तिथेच कळतो.

सर्वसामान्य माणसाला वाटतं की दस्त रजिस्टर झाला, म्हणजे सरकारने मालकीवर शिक्का मारला. तसं होत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यात दुय्यम निबंधक मुख्यतः एवढंच पाहतो की समोर उभी असलेली माणसं तीच आहेत का, त्यांनी दस्त लिहून दिल्याचं कबूल केलं का, मुद्रांक भरला का. विकणाऱ्याला विकायचा हक्क होता की नाही, याचा निवाडा तो करत नाही. सातबाराही मालकीचा अंतिम पुरावा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिचं कलम १५७ सांगतं की नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ या तीन शब्दांत वकिलाचं सगळं पोट आहे. सातबारा मुळात सारा कोणाकडून वसूल करायचा यासाठी जन्माला आला. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा जोडून त्याचं नाव पडलं. फेरफाराने मालकी जन्माला येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुनःपुन्हा सांगितलं आहे.

मालकीची हमी सरकारनेच द्यायची, अशी पद्धत जगात आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली रॉबर्ट टॉरेन्स यांनी ती आणली. ते वकील नव्हते, जकात खात्यातले अधिकारी होते. जहाजाच्या मालकीची जशी एका नोंदवहीत नोंद होते तशी जमिनीची का होऊ नये, असा त्यांचा विचार होता. तिथे नोंदवहीतलं नाव हाच हक्क. आपल्याकडे दस्त नोंदतात, हक्क नोंदत नाहीत. म्हणून एका खताच्या मागे दुसरं, त्याच्या मागे तिसरं, अशी साखळी मागे मागे तपासत जावी लागते.

या तपासाला आमच्या धंद्यात ‘सर्च’ म्हणतात. किती मागे जायचं? तर ३० वर्षं. नवीन ज्युनिअरला हा आकडा परंपरा म्हणून सांगितला जातो, पण त्याला कारणं आहेत. योग्य ताब्यातून आलेला ३० वर्षांपूर्वीचा दस्त खरा आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम ९० होतं. गहाण सोडवून घ्यायची मुदतही १९६३ च्या मुदत कायद्याने ३० वर्षं केली, त्याआधी ती ६० होती. सरकारला दावा लावायलाही आता ३० वर्षं मिळतात. एवढा काळ शांततेत गेला असेल तर बहुतेक जुनी भुतं गाडली गेलेली असतात. बहुतेक, सगळी नाहीत. शेतजमीन असेल तर सर ३० वर न थांबता जुन्या हस्तलिखित फेरफारांपर्यंत जायचे. जमीन इनामाची निघाली तर मोडी वाचणारा माणूस गाठायचे.

मी ज्युनिअर होतो तेव्हा सर्च म्हणजे निबंधकाच्या अभिलेख कक्षात दिवस काढणं. शोधशुल्काची पावती घ्यायची आणि सूची क्रमांक दोन मागायची. सगळे तिला ‘इंडेक्स टू’ म्हणतात. सूची एक नावांवरून लावलेली, सूची दोन मिळकतीवरून. एकेका वर्षाचं जाड बाड, कोपऱ्यांवर बोटांचा काळा थर, काही पानांना वाळवीने जाळी केलेली. सर्चचं काम करणारे अनुभवी लोक एकेक वर्ष घेऊन समोर शेरा लिहीत जात. एका वर्षासमोर ‘व्यवहार आढळला नाही’, दुसऱ्यासमोर दस्ताचा क्रमांक. आणि मधेच कुठेतरी: ‘पाने फाटलेली’. कधी: ‘इंडेक्स तयार नाही’.

मला हे शेरे आधी निरुपद्रवी वाटायचे. सरांनी पेन्सिलने त्यांच्याभोवती वर्तुळ काढायला शिकवलं. ‘व्यवहार आढळला नाही’ हे उत्तर आहे. ‘पाने फाटलेली’ म्हणजे त्या वर्षी काय झालं हे आपल्याला ठाऊक नाही. ३० वर्षांच्या सर्चमध्ये अशी चार वर्षं असली, तर तो सर्च २६ वर्षांचा झाला. मग ती चार वर्षं दुसरीकडून भरून काढायची. त्या काळातले फेरफार काढायचे, सोसायटीच्या कर्जाचा बोजा पाहायचा, शेजाऱ्यांच्या खतात चतुःसीमेला कोणाचं नाव आहे ते बघायचं. शेजाऱ्याच्या १९८६ च्या खतात ‘पूर्वेस अमुक यांची जमीन’ असं असेल, आणि ते अमुक आपल्या साखळीत कुठेच नसतील, तर राहिलेल्या सहीचा माग तिथून लागतो.

२००२ च्या सुमारास पुण्याच्या सी-डॅकने तयार केलेली ‘सरिता’ ही संगणक प्रणाली नोंदणी कार्यालयांत आली आणि त्यापुढच्या दस्तांचा शोध सोपा झाला. आज घरबसल्या इंडेक्स टू पाहता येतो. सोय फार मोठी आहे. पण पडद्यावर काही सापडलं नाही, म्हणजे काही झालंच नाही, असं मानणारे तरुण वकील मी पाहतो तेव्हा काळजी वाटते. गट नंबर बदलला, एकत्रीकरणात जुना सर्व्हे नंबर दुसऱ्यात मिसळला, की संगणकाला दोन्हींचं नातं माहीत असेलच असं नाही. त्यासाठी क.जा.प. म्हणजे कमी-जास्त पत्रक आणि आकारफोड काढूनच पाहावी लागते.

सरांना सगळ्यात जास्त काम दिलं कुळकायद्याने. १९४८ चा हा कायदा आणि त्याने ठरवलेला १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. महाराष्ट्राच्या कितीतरी खेड्यापाड्यांत मालकी एका दिवसात हलली. पुढे कलम ३२ग खाली किंमत ठरायची, ती भरली की ३२म चं प्रमाणपत्र मिळायचं. पण प्रत्यक्षात? कुठे कुळाने किंमत भरली आणि प्रमाणपत्र घेतलंच नाही. कुठे मूळ मालक विधवा किंवा अज्ञान म्हणून तारीख पुढे गेली, आणि नंतर ती कोणी पाहिलीच नाही. कुठे कुळाला मालकाने तोंडी ‘सोडून दे’ म्हटलं आणि त्याने सोडलं. पन्नास वर्षांनी जमिनीचा भाव गुंठ्यावर आला, आणि कुळाचा नातू जुना पीकपाहणीचा उतारा घेऊन उभा राहिला.

त्या नातवाला आडवा येणारा म्हणून हिणवणं सोपं आहे. सर तसं कधी करत नसत. ते म्हणायचे, “त्याच्या आज्याने घाम गाळला त्याची नोंद आहे ना? मग त्याची सही लागते.” उताऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा असला, की ती जमीन पूर्वी परवानगीशिवाय विकताच येत नसे. २०१४ च्या दुरुस्तीने कुळाच्या खरेदीला दहा वर्षं होऊन गेली असतील, तर आकाराच्या ४० पट रक्कम भरून हा अडसर दूर करता येतो. महार वतनाच्या जमिनी नवीन शर्तीवर परत दिलेल्या, त्यांना वेगळी परवानगी. देवस्थान इनाम असेल तर पुजारी किंवा वहिवाटदार ती विकूच शकत नाही, त्याचं नाव उताऱ्यावर कितीही वर्षं असो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला जायची तर संहितेचं कलम ३६अ आडवं येतं. अशा प्रत्येक ठिकाणी राहिलेली सही सरकारची असते. आणि सरकारच्या सहीवाचून झालेला व्यवहार कितीही रजिस्टर्ड असला तरी कच्चा राहतो.

पुण्याबाहेर नवी मुंबई, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, जिथे जिथे शहर शेतात शिरलं, तिथल्या वकिलांचं आयुष्य याच रकान्यांत गेलं आहे. मुंबई बेटावरची गोष्ट वेगळी. तिथे सातबारा नाही, मिळकत पत्रिका आहे. फोर्टमधल्या जुन्या सॉलिसिटर कंपन्या एकोणिसाव्या शतकापासूनची खतं सांभाळून आहेत. तिथला तरुण वकिलीची सनद घेऊनही पुन्हा तीन वर्षं आर्टिकल्ड क्लार्क म्हणून घासतो आणि बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा देतो. कायद्याने वकील आणि सॉलिसिटर हा भेद १९७७ पासून उरला नाही, पण त्या परीक्षेचा मान टिकून आहे. एक मात्र कबूल करायला हवं. खताचा मसुदा करण्याची फोर्टची शिस्त आम्ही बाहेरच्यांनी उशिरा उचलली.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगतो, कारण तिने मला गहाण शिकवलं. एक गृहस्थ प्लॉट घेत होते. सर्च केला, स्वच्छ निघाला. विकणाऱ्याने खरेदीखताची झेरॉक्स दिली. मूळ खत गावाकडे ट्रंकेत आहे, नोंदणीच्या दिवशी आणतो, म्हणाला. मी मान डोलावली. इसार दिला गेला. संध्याकाळी सरांनी फाइल चाळली.

“मूळ खत पाहिलंस?”

“नाही सर, झेरॉक्स पाहिली. सर्चमध्ये बोजा नाही.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बोजा नसेलच. खत बँकेत ठेवून पैसे काढले तर इंडेक्सला काय येणार?”

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या कलम ५८ (फ) प्रमाणे कर्ज घेताना मालकीची मूळ खतं नुसती सावकाराच्या स्वाधीन केली तरी गहाण पुरं होतं. दस्त लिहायला नको, नोंदणी नको. व्यापाऱ्यांची सोय म्हणून इंग्रज आमदानीत ही मुभा कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांपुरती होती, पुढे ती पसरत गेली. आता महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना निबंधकाकडे द्यावी लागते आणि बँकांच्या गहाणांची केंद्रीय नोंदही होते. तेव्हा यातलं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी चौकशी केली, तर खत खरोखरच एका बँकेच्या तिजोरीत होतं. सुदैवाने कर्ज किमतीपेक्षा कमी होतं. उरलेली रक्कम विकणाऱ्याच्या हातात न देता थेट बँकेत भरली, खत सोडवलं आणि मग नोंदणी केली. त्या गृहस्थांचे पैसे वाचले. तेव्हापासून मूळ कागद हातात घेतल्याशिवाय मी इसाराची पावती लिहीत नाही. कोणी ‘हरवलंय’ म्हणालं तर आधी पोलिसांकडची नोंद, मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस.

ती जाहीर नोटीस आपण सगळेच रोज पाहतो. आतल्या पानावर बारीक अक्षरात, ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी सुरू होणारी. खाली १४ दिवसांची मुदत, वकिलाचं नाव, पत्ता. वाचक ती ओलांडून पुढे जातात. आमच्या दृष्टीने ती राहिलेल्या सहीला घातलेली जाहीर हाक असते. म्हणूनच नोटीस अशा वर्तमानपत्रात द्यायची, जे त्या गावात खरोखर वाचलं जातं. कोणाला दिसू नये म्हणून कुठल्या तरी अपरिचित पत्रात छापून आणलेली नोटीस ही सरांच्या मते फसवणूकच होती. अशा नोटिशीवर ते सही करत नसत.

कुलमुखत्यारपत्राबद्दल त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता: लिहून देणारा आज हयात आहे का? माणूस गेला की साधारणपणे मुखत्याराचा अधिकारही त्याच्याबरोबर जातो. अमेरिकेतल्या नाहीतर इंग्लंडमधल्या मुलाने भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं. ते टपालाच्या पाकिटात तसंच राहिलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. नुसत्या मुखत्यारपत्रावर आणि साठेखतावर मिळकत ‘विकली’ असं म्हणण्याची चाल देशभर होती. ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखतानेच.

सरांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात काम शेतातून फ्लॅटमध्ये आलं. १९६३ चा मोफा कायदा सांगत होता की बिल्डरने इमारत आणि जमीन सोसायटीच्या नावे करून द्यावी. नियमाप्रमाणे सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत. हजारो सोसायट्यांना ते अभिहस्तांतरण कधी मिळालंच नाही. लोक वीस-वीस, तीस-तीस वर्षं स्वतःच्या घरात राहिले आणि पायाखालची जमीन कागदावर दुसऱ्याची. इमारत जुनी होऊन पुनर्विकासाची वेळ आली तेव्हा हे लक्षात आलं. इथे राहिलेली सही बिल्डरची होती, किंवा बिल्डरलाही ज्याने जमीन पुरती दिली नव्हती त्या मूळ मालकाची. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण आलं. बिल्डर सही करत नसेल तर सक्षम प्राधिकारी तशी व्यवस्था करून देतो. कायद्याने राहिलेल्या सहीची जागा भरून काढल्याचं इतकं थेट उदाहरण मला दुसरं माहीत नाही. ज्या सोसायटीने अजून हे केलं नसेल, तिच्या सभासदांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत पहिला विषय हा घ्यावा, असं मी हात जोडून सांगेन.

पार्किंगचंही तसंच. स्टिल्टमधली जागा बिल्डर वेगळे पैसे घेऊन विकायचे. ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद प्रकरणात न्या. लोढा यांच्या पीठाने सांगितलं की ती जागा म्हणजे स्वतंत्र विकायची वस्तू नव्हे.

आणि टायटल अगदी स्वच्छ असूनही घर जाऊ शकतं, हे वरळीच्या कॅम्पा कोला आवाराने दाखवलं. १९८० च्या दशकात तिथे पाच मजल्यांची परवानगी होती, उभे राहिले त्याहून कितीतरी अधिक. एक इमारत वीस मजल्यांपर्यंत गेली. घेणाऱ्यांकडे करार होते, ताबा होता, पिढ्या तिथे वाढल्या. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदा ठरवले. तिथे राहिलेली सही महापालिकेची होती. भोगवटा प्रमाणपत्राचा कागद मागायला ग्राहकाला संकोच वाटतो, बिल्डरला राग येईल असं वाटतं. तो कागद मागून घ्यायलाच वकील असतो.

१ मे २०१७ पासून घरबांधणी प्रकल्पांसाठीचा रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला. ग्राहकाच्या ७० टक्के पैशांचं स्वतंत्र खातं, चटई क्षेत्र, करार नोंदल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाहीत, हे सगळ्यांना माहीत झालं आहे. वकिलांच्या दृष्टीने त्यातलं सगळ्यात वजनदार कलम १८ (२). जमिनीच्या टायटलमध्ये दोष निघून घर घेणाऱ्याचं नुकसान झालं, तर भरपाईच्या मागणीला मुदतीचं बंधन नाही. आमच्या सगळ्या कायद्यांत मुदत हा शेवटचा आसरा असतो. इथे तो आसराच काढून घेतला. शिवाय वकिलाचा टायटल रिपोर्ट आता महारेराच्या संकेतस्थळावर चढतो आणि कोणीही तो वाचू शकतो. पूर्वी तो रिपोर्ट बिल्डरच्या कपाटात आणि बँकेच्या फाइलमध्ये असायचा. आज रांजणगावच्या कारखान्यातला कामगारही कर्ज काढण्यापूर्वी मोबाइलवर तो उघडू शकतो. त्याने तो खरंच उघडावा. पहिल्या पानावरच्या ‘क्लिअर अँड मार्केटेबल’वर थांबू नये. शेवटी जिथे ‘अमुक बाबींच्या अधीन राहून’ लिहिलेलं असतं तिथून सुरुवात करावी.

पण सगळ्यात जास्त वेळा जिची सही राहिलेली असते, ती बहीण.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी वडिलांच्या हिश्श्याची वारस झाली. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाबरोबरीने सहदायिक केलं. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राने सगळ्याच मुलींना केलं. त्या दिवशी वडील हयात असायला हवे होते का, यावर पंधरा वर्षं उलटसुलट निकाल येत राहिले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क जन्माने आहे, वडिलांच्या हयातीवर तो अवलंबून नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेले व्यवहार आणि वाटण्या मात्र सुरक्षित. ही तारीख प्रत्येक मिळकतीच्या वकिलाला पाठ असते.

कायदा असा पुढे पुढे येत राहिला, तलाठ्याच्या नोंदवहीत मात्र बहीण बाजूच्याच रकान्यात राहिली. वारस नोंद करताना भावांची नावं कब्जेदार सदरी आणि बहिणींची ‘इतर हक्क’मध्ये. मी असे इतके उतारे पाहिले आहेत की तो रकाना बहिणींसाठीच आखला असावा असं वाटू लागतं. तिथे नाव असलं म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. पण खत लिहिणारा कब्जेदारांची नावं उचलतो आणि तिला विसरतो.

सरांबरोबर मी केलेल्या शेवटच्या काही दस्तांपैकी एक हवेली तालुक्यातला होता. तीन भाऊ, एक बहीण. बहीण बार्शीकडे दिलेली. मसुदा दुसऱ्या कोणी केला होता, त्यात तिला ‘मान्यता देणार’ म्हणून घातलं होतं. धाकटा भाऊ म्हणाला, “आक्का आमच्या शब्दाबाहेर नाही, वकीलसाहेब. ती येऊन सही करून जाईल.”

आक्का पहाटेच्या एसटीने आल्या. हातात कापडी पिशवी, तिच्यात भावांच्या पोरांसाठी खाऊ. निबंधक कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून त्या म्हणाल्या, “सही करायची तर करते. पण काय लिवलंय ते एकदा वाचून दाखवा.”

सरांनी वाचायला घेतलं. गाव, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. मग ‘लिहून देणार’ तीन भाऊ आणि प्रत्येकाच्या धनादेशाचा क्रमांक. मग ‘मान्यता देणार’ आक्का. आक्कांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “माझ्या नावापुढं आकडा न्हाई का?”

कोणी बोललं नाही. सरांनी कागद मिटले. ज्याच्याकडून आम्ही आलो होतो त्या घेणाऱ्याला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं की आज नोंदणी होणार नाही. धाकट्या भावाचा आवाज चढला. थोरला मात्र बराच वेळ खाली पाहत होता. मग म्हणाला, “आक्काचं बरोबर हाय.”

त्या रात्री मसुदा पुन्हा टाइप झाला. ‘मान्यता देणार’ हा परिच्छेद गेला. ‘लिहून देणार क्रमांक ४’ आला, चौथा हिस्सा आला, चौथ्या धनादेशाची जागा आली. आक्का रात्री थोरल्या भावाच्या घरी राहिल्या. दुसऱ्या दिवशी घेणाऱ्याने धनादेश आणला, तो त्यांनी दोन्ही हातांनी घेऊन पिशवीत तळाशी ठेवला.

कॅमेऱ्यासमोर फोटो झाला. मग अंगठा. यंत्राने तो घेतला नाही. आयुष्यभर शेतात राबलेल्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात, हे त्या कार्यालयात रोजचंच. ऑपरेटरने ओला रुमाल दिला. आक्कांनी अंगठा पुसला, पदराला कोरडा केला आणि पुन्हा ठेवला. तरीही नाही. ऑपरेटर म्हणाला, “मावशी, जरा दाबून.”

तिसऱ्या वेळी घेतला.